साखर ‘लेफ्ट’ होत नाही: सवय सोडण्याची इंग्रजी क्रियापदं

कोल्हापुरातल्या एका जिममध्ये ट्रेनर असलेल्या तरुणाने हा प्रश्न पाठवलाय. बाहेरदेशी नोकरीसाठी ते आयेल्ट्सची, म्हणजे इंग्रजी किती येतं हे तपासणाऱ्या परीक्षेची, तयारी करताहेत. ‘तुम्ही स्वतःच्या आयुष्यात केलेला एखादा आरोग्यदायी बदल’ या सरावाच्या विषयावर ते म्हणाले, ‘आय लेफ्ट शुगर, अँड माय वेलनेस इज व्हेरी गुड.’ दोन्ही वाक्यं क्लासमध्ये खोडली गेली. आता त्यांना हवंय ते असं: ‘मी साखर सोडली’ हे इंग्रजीत नेमकं कसं म्हणायचं, आणि या विषयावरचे भारी शब्द कोणते पाठ करायचे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थोडक्यात आहे. भारी शब्द पाठ करू नका. या परीक्षेत बोलण्याचं मूल्यमापन चार अंगांनी होतं: ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. चारींना सारखंच वजन. शब्दसंपदेत वरच्या श्रेणीसाठी जे पाहतात, त्यात कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसतो याची जाण मोडते. ‘वेलनेस’ला तिथेच फटका बसला. हा शब्द आजच्या अर्थाने चलनात आणला हॅल्बर्ट डन या अमेरिकन डॉक्टरांनी, १९६१ च्या आपल्या पुस्तकातून. आज तो कार्यक्रमाला, केंद्राला, उद्योगाला लागतो. स्वतःच्या तब्येतीला कुणी ‘माय वेलनेस’ म्हणत नाही. ‘आय फील मच बेटर फॉर इट’ म्हणा. साधं आहे आणि अस्सल आहे. औपचारिकच शब्द हवा असेल तर ‘वेल-बीइंग’ घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत १९४८ पासून आरोग्याची व्याख्या याच शब्दावर उभी आहे: शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी पूर्ण सुस्थिती, नुसता आजाराचा अभाव नव्हे.

आता साखरेकडे येऊ. खरी मौज इथे आहे.

‘लीव्ह’ म्हणजे सोडून निघणं. गाव, घर, नोकरी, माणूस. ‘आय लेफ्ट शुगर’ ऐकणाऱ्याला वाटतं, साखरेची पुडी कुठेतरी विसरून आलात. मराठीत ‘सोडणे’ हे एकच क्रियापद गाडी सोडतं, गाव सोडतं, पाणी सोडतं, उपवास सोडतं आणि तंबाखूही सोडतं. इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी वेगळं माणूस कामाला लागतं.

सवय सोडायला सगळ्यात चालणारं क्रियापद ‘गिव्ह अप’. त्यात एक बारकी छटा आहे: सोडलेली गोष्ट आवडीची होती. ख्रिस्ती लोक ईस्टरपूर्वीच्या लेंटमध्ये, म्हणजे उपवासाच्या काळात, ‘गिव्ह अप’ करतात ते चॉकलेट किंवा दारू, कारल्याची भाजी नव्हे. म्हणून आपल्या श्रावणालाही ते बरोबर बसतं. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या माणसाने श्रावण पाळला तर ‘आय गिव्ह अप मीट फॉर श्रावण’ हे वाक्य शब्दशः खरं आहे. ‘क्विट’ जास्त करून सिगारेटला आणि नोकरीला लागतं आणि त्यात तडकाफडकीपणा आहे. ‘ॲबस्टेन फ्रॉम’ला व्रताचा वास आहे, ते वर्ज्य करणं झालं. माळ घातलेल्या वारकऱ्याबद्दल बोलताना ते शोभतं, चहातल्या साखरेबद्दल बोलताना अंगावर येतं. ‘रिफ्रेन फ्रॉम’ सवयीसाठी वापरूच नका; ते त्या वेळेपुरतं एखादी कृती टाळणं आहे, पाटीवर लिहितात तशी. आणि ‘स्टॉप’च्या पुढे काय येतं ते सांभाळा. ‘आय स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे सिगारेट बंद केली. ‘आय स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे सिगारेट ओढायला थांबलो. परीक्षकासमोर एवढ्याशा ‘टू’ने सगळी कहाणी उलटी होते.

पण तुम्ही साखर खरंच पूर्ण सोडलीत का? तुमच्या प्रश्नात पुढे लिहिलंय, चहातली बंद केली, सणाला पुरणपोळी खाता. मग ते ‘गिव्ह अप’ नव्हे, ‘कट डाउन ऑन’ आहे. कमी केलं. हा ‘ऑन’ गाळू नका. पूर्ण वगळलं असतं तर ‘कट आउट’. ‘डाउन’ आणि ‘आउट’ या दोन चिमुकल्या शब्दांमध्ये कमी करणं आणि बंद करणं एवढं अंतर आहे, आणि आपली मुलं नेमकी तिथेच घसरतात, कारण सगळा जीव नामांवर असतो.

याच ठिकाणी मराठीकडे बघा. आपण हा फरक वेगळ्या वाटेने करतो. ‘मी चहा सोडला’ यात कर्ता मी, निश्चय माझा. ‘माझा चहा सुटला’ यात निश्चय नाही, आपोआप झालं. ‘डॉक्टरांनी मीठ बंद केलंय’ यात हुकूम दुसऱ्याचा. ‘चहावरचं मन उडालं’ यात तर इच्छाच गेली. या चार वाक्यांना इंग्रजीत चार वेगळी क्रियापदं लागतात. पहिल्याला ‘गिव्ह अप’. दुसऱ्याला ‘आय गॉट आउट ऑफ द हॅबिट’. तिसऱ्याला ‘द डॉक्टर पुट मी ऑन अ लो-सॉल्ट डाएट’. इथे मीठ काढलं न म्हणता कमी मिठाच्या आहारावर ठेवलं असं म्हणतात. चौथ्याला ब्रिटिश इंग्रजीत फार सुंदर प्रयोग आहे: ‘आय हॅव गॉन ऑफ टी.’ मन उडण्याला याहून जवळचं इंग्रजी मला सापडलेलं नाही. ‘सोडणे’ला इंग्रजीत काय म्हणतात हे विचारण्याआधी आपण सोडलं, सुटलं की सोडायला लावलं, एवढं मनाशी ठरवा. क्रियापद त्यावरून ठरतं.

हळूहळू सोडण्यासाठी मात्र माझ्या विशेष आवडीचा शब्द आहे ‘वीन’. ‘आय वीन्ड मायसेल्फ ऑफ शुगर.’ मूळ अर्थ बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. ते एका दिवसात तुटत नाही. आधी वरचं खायला देतात, मग एकेक वेळ कमी करतात, आणि ती सगळी ओढाताण या क्रियापदात आहे. जुन्या इंग्रजीत त्याच्या पूर्वजाचा अर्थ होता ‘सवय लावणे’. म्हणजे दूध तोडण्याकडे त्या भाषेने नव्या अन्नाची सवय लावणं म्हणून पाहिलं.

हे वाचून चरकसंहिता आठवल्याशिवाय राहत नाही. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात वचन आहे: ‘उचितादहिताद्धीमान् क्रमशो विरमेन्नरः’. इथे ‘उचित’ म्हणजे योग्य नव्हे, अंगवळणी पडलेलं. सवयीचं झालेलं पण अहिताचं असेल त्यातून शहाण्याने क्रमाक्रमाने बाहेर पडावं, आणि हिताचं तेही क्रमानेच सुरू करावं. पुढे क्रमही दिलाय: पादांशाने, पावपाव भागाने. जुन्याचा एक पाव काढायचा, तिथे नव्याचा एक पाव घालायचा. इंग्रजीत डॉक्टर औषधाचा डोस असा उतरवत नेतात त्याला ‘टेपर ऑफ’ म्हणतात. याच्या अगदी उलट, एका झटक्यात बंद, ते ‘गो कोल्ड टर्की’. हा वाक्प्रचार व्यसनाच्या पदार्थांसाठी आहे. दारू, सिगारेट, फार तर कॉफी. भात बंद केला तर वापरू नका.

बदल टिकला नाही तर? तुमच्या व्यवसायात याची गरज रोज पडत असणार. तालमीत ‘खाडा’ म्हणतात. एक दिवस पोरगं मेहनतीला आलं नाही, खाडा झाला. वस्ताद रागावतो, पण दुसऱ्या दिवशी ते जोर मारायला उभं राहिलं की विषय संपला. खाडे वाढत गेले आणि एक दिवस लाल माती सुटलीच, तर ते पहिले पाढे पंचावन्न. इंग्रजीत खाड्याला ‘लॅप्स’ किंवा ‘स्लिप’ आहे, पंचावन्नला ‘रीलॅप्स’. ‘लॅप्स’ आणि ‘रीलॅप्स’ या दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधलं घसरणं आहे, ‘री’ लागला की मागे घसरणं. ॲलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये व्यसनमुक्तीच्या संदर्भात या दोन शब्दांमधला फरक ठळकपणे मांडला: एकदा पाय घसरला म्हणजे सगळं गेलं असं मानणाराच पुन्हा पुरता बुडतो. तेव्हा गटारीला एकदा मोडलेल्या पथ्याला ‘रीलॅप्स’ म्हणू नका. ‘आय हॅड अ स्लिप, बट आय गॉट बॅक ऑन ट्रॅक’ एवढं पुरे.

सुरू करण्याची क्रियापदं तुलनेने सरळ आहेत. व्यायाम, धावणं, पोहणं ‘टेक अप’ करतात. धरून ठेवणं ‘स्टिक टू’. चालू ठेवणं ‘कीप अप’. फक्त ‘यूज्ड टू’चं भान ठेवा. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी लवकर उठायचो, आता नाही. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे लवकर उठायची सवय आहे. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारणाऱ्याने पहिलं वाक्य बोललं तर सगळी मेहनत पाण्यात.

‘सेडेंटरी’ हा भारी शब्द तुम्ही जरूर वापरा, कारण त्याला जोडीदार ठरलेले आहेत: ‘सेडेंटरी जॉब’, ‘सेडेंटरी लाइफस्टाइल’. तोही लॅटिनमधल्या बसण्यावरूनच आलाय, त्यामुळे ‘बैठं काम’ हे त्याचं घरचंच रूप वाटतं. कोल्हापुरात मात्र ‘बैठका’ म्हटलं की मांड्या भरून येतात. इंग्रजीत त्या ‘स्क्वॉट्स’.

राहिला ‘डाएट’. ‘आय ॲम डुइंग डाएट’ हे आपल्या ‘डाएट करतोय’चं इंग्रजी रूप, तिकडे चालत नाही. ‘आय ॲम ऑन अ डाएट’ म्हणजे वजन उतरवायला किंवा आजारासाठी बांधून घेतलेला आहार. ‘माय डाएट’ म्हणजे मी एरवी जे खातो ते. मूळ ग्रीक शब्द ‘दियाइता’; त्याचा अर्थ जगण्याची रीत, त्यात खाणं हा एक भाग. आपल्या ‘दिनचर्या’च्या फार जवळचा.

पण ‘खुराक’ला यातलं काहीच पुरत नाही. पथ्यात काढून घ्यायचं असतं, खुराकात घालायचं असतं. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध पिणाऱ्या पैलवानाला ‘ऑन अ डाएट’ म्हणाल तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काकडी येईल. ‘ट्रेनिंग डाएट’ जवळ जातं, तरी त्यात थंडाईचे बदाम रगडलेले ऐकू येत नाहीत. इथे मी सांगेन, सरळ ‘खुराक’ म्हणा आणि पुढच्याच वाक्यात इंग्रजीत उलगडून सांगा: पैलवानाचा बळ वाढवणारा आहार, दूध, तूप, बदाम, भरपूर. शब्द नसताना अर्थ सांगता येणं हेही या परीक्षेत शब्दसंपदेतच मोजलं जातं, आणि या विषयावर तुमच्याइतकं तपशिलात बोलणारा उमेदवार त्या परीक्षकाला क्वचितच भेटलेला असेल.