पाच वॉटचा ॲम्प्लिफायर आणि खारा वारा

प्रश्न : आमचं घर देवगडला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. निवृत्तीनंतर ईएल८४ वॉल्व्हचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर घेतला, दर चॅनेलला पाच वॉट देतो. घरातल्या स्पीकरवर सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी (डेसिबल) अशी छापलीय आणि त्यांच्यापुढे तो धापा टाकतो. जुने, जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घ्या असं सगळे सांगतात. तीन जोड्या नजरेत आहेत : फिलिप्सचे आठ इंची ९७१०, पेटीशिवाय, टॅनॉयचे पंधरा इंची मॉनिटर गोल्ड, पेटीसकट, आणि बंद पडलेल्या थिएटरातले अल्टेकचे ए७. मी नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकतो. माजघर बारा बाय चौदा फूट. कोणते घेऊ? — एक वाचक, देवगड

उत्तर : तुमच्या ॲम्प्लिफायरला काही झालेलं नाही. त्याला उगाच घाट चढायला लावलाय तुम्ही. सेन्सिटिव्हिटीचा आकडा म्हणजे स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर किती आवाज मिळतो, तो. तीन डीबी वाढवायचे तर ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट करावी लागते. ८६च्या जागी ९५चा स्पीकर आला की नऊ डीबी, म्हणजे तीनदा दुप्पट, आठपट. आज ज्या आवाजाला चाळीस वॉट लागले असते, तो तुमच्या पाच वॉटमध्ये निघेल. मात्र छापील आकडा वाचताना एक मेख ध्यानात ठेवा. काही जण एक वॉटऐवजी २.८३ व्होल्ट लिहितात. आठ ओहमच्या स्पीकरला तो एक वॉटच होतो, पण चार ओहमच्या स्पीकरला दोन होतात आणि तीन डीबी फुकट वाढून दिसतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो : फिलिप्स घ्या. पण शिक्का बघून. ते कसं, ते पुढे येतंच आहे.

अल्टेकचं 'व्हॉइस ऑफ द थिएटर' हे घराणं १९४५चं. पडद्यामागे उभं राहून शेवटच्या रांगेपर्यंत संवाद पोचवायचा, एवढ्यासाठी जन्मलेलं. खाली पंधरा इंची, वर कर्णा. सेन्सिटिव्हिटी शंभराच्या घरात, तुमचा ॲम्प्लिफायर त्याला झोपेतही चालवील. पण या दोघांचे आवाज एकमेकांत मिसळायला अंतर लागतं, आणि बारा फुटांच्या माजघरात तुम्हाला कर्ण्यातून गाणारा एक माणूस आणि खालून तबला वाजवणारा दुसराच कोणीतरी ऐकू येईल. शिवाय ते माजघराच्या दारातून आत जातील का, ते आधी टेप लावून बघा.

टॅनॉयचा मॉनिटर गोल्ड हा खरा मोहात पाडणारा. १९६७ ते १९७४ या काळातला. पंधरा इंची कोन (म्हणजे हलून आवाज काढणारा कागदी शंकू) आणि त्याच्याच पोटातून निघणारा बारीक आवाजाचा कर्णा, दोन्ही एकाच बिंदूवर, त्यामुळे मघाशी सांगितलेली फाटाफूट इथे होत नाही. माझ्याकडे खोली असती तर मीच घेतला असता. पण पेटी कपाटाएवढी, आणि आत क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आणि बारीक आवाज वेगळे करून वाटून देणारं सर्किट : कॅपॅसिटर, कॉइली, फिरवायचे स्विच. पन्नास वर्षांचे कॅपॅसिटर आणि देवगडची हवा! स्विचच्या पट्ट्यांवर हिरवं धरलं की एका बाजूचा गायक अचानक खोकल्यासारखा बसतो, आणि तुम्ही मात्र रेकॉर्डला दोष देत राहता.

आता ९७१०. क्रॉसओव्हरच नाही. एकच कोन आणि त्याच्या मध्ये बारीक आवाजासाठी दुसरा छोटा कागदी कोन. सेन्सिटिव्हिटी ९५च्या आसपास. गायकाचा आवाज कुठेही न चिरता एकाच कागदातून येतो, आणि तुम्ही जे ऐकता त्याला हेच हवं. तार सप्तकात हा स्पीकर थोडा टोचतो, खोटं कशाला बोलू. तोंड सरळ तुमच्याकडे न ठेवता जरा बाहेर वळवलंत की टोच जाते.

शिक्क्याची गोष्ट अशी. फिलिप्सने एकेकाळी आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले वॉल्व्हचे रेडिओ काढले होते, आणि त्यांच्यासाठी हाच स्पीकर ८०० ओहमच्या कॉइलचा (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा) बनवला. दिसायला अगदी जुळा भाऊ. आकड्यापुढे नुसता 'एम' असेल तर सात ओहम, 'एएम' असेल तर ८००. तुमच्या ॲम्प्लिफायरला तो लावलात तर भिंतीपलीकडून कोणी कुजबुजतंय असं वाटेल. शिक्का पुसला असेल तर मल्टिमीटर लावा : सहा-सातच्या आसपास ओहम दाखवला तर पैसे काढा, काहीशे दाखवला तर चहा पिऊन परत या. कुडाळच्या बाजारात माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा 'मेलेला स्पीकर' म्हणून लोक हे ८०० ओहमवाले आणून टाकायचे. बहुतेक ठणठणीत असत.

पेटीशिवाय मिळतायत म्हणून काळजी नको. फळीवर लावून सुरुवात करता येते, फक्त फळीचं गणित समजून घ्या. कोनाच्या पुढून निघणारा आवाज आणि मागून निघणारा आवाज उलटे असतात. फळीला वळसा घालून ते भेटले की एकमेकांना खाऊन टाकतात. एक मीटर रुंद फळीवर साधारण १७० हर्ट्झच्या खाली हे सुरू होतं. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज १३८वर आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९वर. म्हणजे गायक पुढे आणि तानपुरा ओटीवर, असा प्रकार.

माझ्या घरी याला एक तोड निघाली. माजघर आणि मागच्या खोलीमधल्या भिंतीत हवेसाठी ठेवलेल्या दोन झडपा होत्या. त्यांत प्लाय बसवला आणि प्लायला स्पीकर. मागची अख्खी खोलीच पेटी झाली. आमची भिंत कौलांपर्यंत जात नाही, वरून मोकळी आहे. तरी मागच्या आवाजाला एवढा लांबचा वळसा पडतो की खर्ज शाबूत राहतो. घरात यावर मिळालेला शेरा : गाणं माजघरात आणि पाठ भाताच्या कणगीला. तुमच्याकडे अशा झडपा किंवा भिंतीतली खिडकी असेल तर आधी हे करून बघा. पेटीचा खर्च वाचेल. नसेल तर पेटी करा, पण मरीन प्लायची. एमडीएफ आपल्याकडे दोन पावसाळ्यांत पावासारखा फुगतो. सुतार तुम्हाला हटकून सांगणार, 'फणसाची फळी घाला, जल्मभर हलूची नाय.' दाराला फणस उत्तम, पेटीला नको. मे महिन्यात फळी आकसते आणि सांध्यातून फुसफुस सुरू होते.

आता खरेदी. इथे मी स्वतः फसलेला आहे. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका दुकानातून बारा इंची विलायती जोडी आणली. कोन काळेभोर, तुकतुकीत. घरी लावले तर आवाज मलूल, जणू गायकाने घोंगडी पांघरलीय. नखाने कोन खरवडला, तेव्हा खालचा तपकिरी कागद दिसला. दुकानदाराने बुरशीचे डाग झाकायला रंग मारला होता! कोनाच्या वजनावर सगळा खेळ असतो. हलणारं वजन दुप्पट झालं तर सहा डीबी गेले, म्हणजे पाच वॉटचं काम वीस वॉटवर. नावाजलेल्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी मी पैसे देऊन विकत घेतली आणि ती डब्यातल्या रंगाखाली मेली होती. तेव्हापासून माझा नियम : मळका कोन चालेल, चकचकीत नको.

तेवढ्यावर थांबलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात उजवा स्पीकर खर्र खर्र करायला लागला. उघडला, तर कॉइल ज्या फटीत हलते तिथे लोखंडाला गंज. ती फट किती, तर कॉइल आत गेल्यावर दोन्हीकडे केसभर जागा उरते. आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. तांबूस पापुद्रे कॉइलला घासत होते. मास्किंग टेपची घडी घालून, गोंदाची बाजू बाहेर ठेवून ती फटीत फिरवली. टेप बाहेर आली ती मिसरी लावल्यासारखी. अख्खी दुपार गेली, पण खरखर थांबली.

म्हणून माल बघायला जाल तेव्हा दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून तो अलगद आत दाबा आणि कान जवळ न्या. काही घासता कामा नये. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टर्मिनलला टेकवा. 'टक्' व्हायला हवं, आणि सेल सारखाच धरला तर दोन्ही कोन एकाच दिशेने हलायला हवेत. टॉर्च घेऊन मागून बघा, तांबूस दिसलं तर भाव पाडा किंवा सोडून द्या. त्यानंतर एकच मोनो रेकॉर्ड दोन्हींवर आळीपाळीने ऐका. जुन्या अल्निको चुंबकांची ताकद आदळआपटीने उतरते. तीस टक्के उतरली तर तीन डीबी गेले. दोघांपैकी एक दबका असेल तर गायक कायम एका कुशीवर झोपलेला ऐकू येईल.

एक धोक्याची सूचना राहिली. असे स्पीकर गाण्याबरोबर ॲम्प्लिफायरची पापंही मोठ्याने सांगतात. ८६च्या स्पीकरवर न कळलेला हम, म्हणजे विजेचा घुमार, ९५वर उघडा पडतो. पन्नास हर्ट्झचा घुमार फिलामेंटच्या वायरिंगमधून येतो, शंभरचा बहुधा सुकलेल्या फिल्टर कॅपॅसिटरमुळे. रात्री अकराला, रस्ता निजल्यावर, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून खुर्चीत बसा. रातकिड्यांच्या आवाजातूनही हम कळला तर स्पीकरवाल्याशी भांडू नका, आधी ॲम्प्लिफायर दाखवा.

लाईट जाते तेव्हाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्या भागात ते आलंच. पाच वॉट आवाज देणारा वॉल्व्ह ॲम्प्लिफायर स्वतः त्याच्या कैकपट वीज खातो, इन्व्हर्टर रडतो. पण तुमचे स्पीकर इतके हलके चालणारे असतील की बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहान क्लास-डी बोर्ड (कमी वीज खाणारा ॲम्प्लिफायर) त्यांना पुरेल. मी गेली काही वर्षं पावसाळी रात्री असाच काढतो. चव थोडी वेगळी लागते, पण उपास घडत नाही. कौलांचं मात्र विसरा. आषाढातल्या पावसापुढे कोणताही स्पीकर हरतो.

प्रश्न : १९८०च्या दशकातल्या माझ्या स्पीकरच्या कोनाभोवतीचा फोम हात लावला की चुरा होतो. फेविकॉल लावून बसवू का? आणि त्याआधीच्या स्पीकरना हा रोग नसतो, हे खरं का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : फेविकॉल नको, काठ कडक होऊन कोन जखडेल. फोमला दमट हवा आतून खाते, चिपळूणला तर विचारूच नका. मापाची फोमची किंवा रबराची नवी रिंग लॅमिंग्टन रोडवर मिळते. जुना चुरा स्पिरिटने पुसून काढा, रिंग चिकटवताना कोन बरोबर मध्ये राहतोय ना एवढं बघा, कॉइल घासली तर सगळी मेहनत वाया. सत्तरच्या आधीच्या बऱ्याच स्पीकरचा काठ चुण्यांच्या कागदाचा किंवा मसाला लावलेल्या कापडाचा, त्यामुळे तो असा विरत नाही. पण जुनं ते सगळं सुरक्षित असंही नाही. टॅनॉयने १९७४मध्ये गोल्डच्या जागी एचपीडी आणले तेव्हा काठ फोमचाच केला. देवगडच्या वाचकांनीही हे वाचून ठेवावं, 'गोल्ड' म्हणून एचपीडी गळ्यात मारणारे भेटतात.

प्रश्न : सेन्सिटिव्हिटीच हवी तर देवळातला जुना भोंगा घरात का लावू नये? फुकट मिळतोय. — एक वाचक, राजापूर

उत्तर : लावा की! आरती छान ऐकू येईल, तबल्याचा बायाँ आणि सतारीची झंकार सोडून. भोंगा मधलाच पट्टा वाजवतो, म्हणून तर तो एवढा मोठ्याने वाजवू शकतो. शिवाय बऱ्याच भोंग्यांत १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असतो, तो काढल्याशिवाय घरचा ॲम्प्लिफायर जोडू नका. आणि जोडण्याआधी तोंडात हात घालून बघा. मला मिळालेल्या भोंग्यात कुंभारीण माशीने मातीची तीन घरं बांधली होती, दोन रिकामी, एकात बिऱ्हाड.