बेसचे स्थान एकदाच ठरवा, रोज नवे घेऊ नका

शेवगावजवळच्या जमिनीच्या मोजणीसाठी आपण बेस (एका जागी स्थिर ठेवलेले उपग्रह-स्थानदर्शक यंत्र) व रोव्हर (त्याच्या आधारे बिंदू घेत फिरवायचे यंत्र) सलग दोन दिवस वापरले, दोन्ही दिवशी रोव्हर ‘फिक्स’ दाखवत होता, तरीही विहिरीचा तोच कोपरा दुसऱ्या दिवशी पावणेदोन मीटर सरकलेला आढळला, असे आपण लिहिले आहे. यंत्रात बिघाड असल्याची शंका सोडून द्यावी. बेस सुरू करताना दोन्ही वेळा आपण ‘सध्याचे स्थान’ हा पर्याय निवडला होता आणि फरक तिथूनच आला आहे.

बेस कोणत्याही दुरुस्तीविना स्वतःचे स्थान काढतो, तेव्हा त्यात दोन-तीन मीटरची चूक राहणे स्वाभाविक आहे आणि ती उपग्रहांची मांडणी व वातावरण यांनुसार बदलत राहते. रोव्हरला ‘फिक्स’ मिळाला याचा अर्थ बेसपासूनचे अंतर आणि दिशा सेंटीमीटरच्या अचूकतेने कळली, एवढाच. बेसला दिलेले अक्षांश-रेखांश खरे आहेत की नाहीत, हे रोव्हरला कळण्याचा मार्ग नाही. बेसची चूक जशीच्या तशी प्रत्येक बिंदूत उतरते.

म्हणून आधी काँक्रीटमध्ये एक खिळा पक्का बसवावा, त्यावर ट्रायपॉड लावून बेसला किमान चार तास कच्चा डेटा नोंदवू द्यावा आणि ती फाइल रिनेक्समध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना चालणाऱ्या सामाईक स्वरूपात, बदलून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांच्या (ज्ञात स्थानी अखंड चालणाऱ्या कायम बेसच्या) डेटाशी जोडून सोडवावी. अशी फाइल ऑनलाइन सोडवून देणारी ऑस्ट्रेलियाची ऑसपॉस ही विनामूल्य सेवाही उपयोगी आहे. मात्र भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे 5 सेंटीमीटर ईशान्येकडे सरकत असल्यामुळे, कोणत्या संदर्भवर्षाचे (कोणत्या वर्षीच्या स्थितीचे) उत्तर आहे हे न पाहता दोन ठिकाणचे आकडे एकत्र वापरल्यास मधल्या वर्षांत झालेल्या सरकण्याएवढा फरक आत शिरतो. मिळालेले स्थान कंट्रोलरमध्ये (यंत्र चालवण्याच्या हातातल्या उपकरणात) ‘ज्ञात बिंदू’ म्हणून साठवावे आणि पुढे प्रत्येक वेळी तेच निवडावे.

अँटेनाची उंची खिळ्याच्या डोक्यापासून, तीन बाजूंनी टेपने मोजावी. आपण बहुधा अँटेनाच्या कडेवरील खुणेपर्यंत तिरकी उंची मोजत असाल. मग कंट्रोलरमध्येही ‘तिरकी’ हाच प्रकार हवा, अन्यथा सर्व उंच्या काही सेंटीमीटरने चुकतील आणि ‘फिक्स’ मात्र हिरवाच दिसेल. यंत्राने दिलेली उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांचीही गल्लत होऊ देऊ नये, कारण यंत्र पृथ्वीच्या गणिती आकारापासून, म्हणजे लंबगोलापासून, उंची मोजते आणि आपल्याकडे जिऑइड (सरासरी समुद्रसपाटीचा पृष्ठभाग) त्या लंबगोलाच्या बराच खाली आहे. कोकण किनाऱ्यावर हा फरक साठ मीटरांहून अधिक आहे, त्यामुळे तिथे ऋण उंची दिसली तरी घाबरण्याचे कारण नाही.

जागा निवडताना पत्र्याची शेड, उच्चदाबाच्या तारा आणि दाट झाडी टाळावी. भर दुपारी किंवा सूर्यास्तानंतर ‘फिक्स’ वारंवार सुटत असेल, तर केबल बदलण्याआधी आयनोस्फिअरचा, म्हणजे उपग्रहांचे संकेत बिघडवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, विचार करावा. आपल्या अक्षांशांवर त्याचा त्रास अधिक असतो. महत्त्वाचे बिंदू सकाळी घ्यावेत.

एक सूचना आपण विचारली नसतानाही देतो. शेवगाव यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या 43 उत्तर या पट्ट्याच्या मध्यरेखांशाजवळ, म्हणजे 75 अंश पूर्वेलगत असल्याने तिथला प्रमाणगुणक (नकाशावरील व प्रत्यक्ष अंतराचे गुणोत्तर) 0.9996 आहे, आणि एका किलोमीटरमागे नकाशावरील अंतर प्रत्यक्षापेक्षा सुमारे 40 सेंटीमीटर कमी येते. त्यात जमिनीच्या उंचीमुळे आणखी थोडी घट होते. बांधावर शेजारी टेप घेऊन उभा राहिल्यावर हे समजावून सांगणे कठीण जाते, तेव्हा कंट्रोलरमध्ये जमिनीवरील अंतर दाखवण्याची सोय सुरू ठेवावी.

झालेले काम वाया गेलेले नाही. दोन्ही दिवशी बेस एकाच खिळ्यावर, त्याच उंचीच्या नोंदीने होता, असे आपण म्हणता. तर दोन दिवसांच्या बेस-स्थानांतील पूर्व, उत्तर आणि उंचीचा फरक काढून दुसऱ्या दिवसाचे सर्व बिंदू तेवढेच सरकवावेत. विहिरीचा कोपरा 2-3 सेंटीमीटरमध्ये जुळला, तर दोन्ही दिवसांचे काम एकत्र करता येईल. खिळ्याचे खरे स्थान मिळाल्यावर सारे बिंदू पुन्हा एकदा त्यावर आणावेत. मात्र ही मोजणी हद्द कायम करण्यासाठी असेल, तर तिला कायदेशीर मान्यता भूमी अभिलेख कार्यालयाकडूनच मिळते, हे मालकांना आधीच सांगावे.