मेनोनाइटांच्या ‘ओम’ला पाद्री म्हणू नये

प्रश्न असा आहे : रशियातून १८७४ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात येऊन वसलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांतील एका उपदेशकाचे चरित्र मराठीत आणताना त्याला ‘पाद्री’ म्हणावे की ‘मिशनरी’, आणि मूळ जर्मन मजकुरात त्याच्या नावाआधी येणाऱ्या ‘ओम’ या उपपदाचे काय करावे?

दोन्ही शब्द चुकीचे आहेत, आणि ते वारंवार वाचावे लागतात याचा मला मनापासून वैताग येतो. मिशनरी हा परक्या लोकांत धर्म सांगण्यासाठी पाठवलेला माणूस. अमेरिकन मेनोनाइटांनी १८९९ मध्ये धमतरीला, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रांतात, जे काम सुरू केले ते करणारे मिशनरी होते. मॅनिटोबातील ओमला कोणीही कोठेही पाठवलेले नव्हते. बाप्तिस्मा घेतलेल्या पुरुषांनी आपल्यातूनच मते देऊन निवडलेला तो एक शेतकरी असे. त्याला पगार नसे, धर्मशास्त्राचे विद्यालयीन शिक्षण नसे, आणि निवड सहसा जन्मभराची असे. आठवडाभर नांगर आणि गुरे सांभाळायची, रात्री वहीत प्रवचन उतरवायचे, आणि रविवारी आपल्या किंवा पाळीने येणाऱ्या दुसऱ्या गावी जाऊन ते वाचून दाखवायचे, असा त्याचा क्रम होता. घरात प्लाउटडीच ही बोली चाले, प्रवचन मात्र ग्रंथांच्या जर्मनमध्ये होई.

आता ‘पाद्री’. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. पोर्तुगीज ‘पाद्रे’, त्यामागे लॅटिन ‘पातेर’, आणि तो आपल्या ‘पितृ’चा सख्खा भाऊ. म्हणजे पाद्री म्हणजे बाप. ज्याच्या नावावरून हा पंथ ओळखला जातो तो मेनो सिमन्स फ्रीसलंडमधला कॅथलिक पाद्रीच होता आणि १५३६ मध्ये त्याने ते पद टाकले. पृथ्वीवर कोणाला आपला पिता म्हणू नका, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि हे लोक असली वचने अक्षरशः पाळणारे. मराठीत पाद्री हा शब्द कोणत्याही ख्रिस्ती उपदेशकाला रूढ झाला आहे, असे उत्तर कोशकार देतील. पण ज्याने जे पद टाकले तेच त्याच्या अनुयायांच्या गळ्यात रूढीच्या नावाखाली बांधणे हा निव्वळ आळस आहे.

‘ओम’चा ओंकाराशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण तशी पत्रे येणारच. हा शब्द जुन्या जर्मन ‘ओहाइम’चा आटलेला अवतार, आणि ओहाइम म्हणजे कोणताही काका नव्हे, तर नेमका आईचा भाऊ. बापाच्या भावाला जुन्या जर्मनमध्ये ‘फेटर’ हा निराळा शब्द होता. ओहाइमच्या पूर्वपदात लॅटिन ‘आवुस’, म्हणजे आजा, याचाच सोयरा आहे. लॅटिनमध्येही मामाला ‘आवुंकुलुस’, म्हणजे धाकटा आजा, म्हणत, आणि इंग्रजांचा ‘अंकल’ तेथूनच आला. उत्तरपदाबद्दल विद्वानांत वाद आहे. एक पक्ष तेथे ‘हाइम’, म्हणजे घर, पाहतो आणि ‘आज्याच्या घरी राहणारा’ असा अर्थ लावतो. दुसरा पक्ष नाक मुरडतो. नाक मुरडणाऱ्यांनी मराठी शिकावी, म्हणजे आजोळ कोणाला म्हणतात आणि तेथे कोण राहतो हे त्यांना समजेल. माझ्या मते हीच व्युत्पत्ती खरी आहे, आणि उपदेशकाला ‘बाप’ म्हणण्याची बंदी असलेल्या समाजाला ‘मामा’ हे संबोधन इतके मानवले ते त्या बंदीमुळेच. एकोणिसावे शतक येईतो ओम कोणत्याही वडीलधाऱ्या पुरुषाला लावू लागले होते, म्हणून ‘काका’ पुरे, असे म्हणणारे आहेत. आपणही हवालदाराला मामा म्हणतो. म्हणून मामाचा काका होत नाही.

या समाजाला अभिषिक्त ‘बापा’वाचून चालवण्याची सवय जुनी होती. १७८८ मध्ये प्रशियातून रशियाच्या साम्राज्यातील नीपर नदीकडे निघालेल्या पहिल्या तांड्यात एकही उपदेशक नव्हता. लोकांनी आपल्यातूनच माणसे निवडली, आणि हात ठेवून दीक्षा द्यायला कोणी नसल्यामुळे बेरेंट पेनर याच्या एल्टेस्टर, म्हणजे मंडळीचा प्रमुख, या पदाला प्रशियातून पत्राने मान्यता आली. दीक्षा टपालाने! पुढे रशियाने सक्तीची लष्करभरती आणली आणि शस्त्र न धरणाऱ्या या लोकांपैकी हजारो १८७४ पासून अमेरिका व कॅनडाकडे गेले. मॅनिटोबात सुरुवातीची पिके टोळांनी खाल्ली, सरकारी कर्जाच्या पिठावर दिवस काढावे लागले.

पदनामे मराठी बायबलमध्ये तयार आहेत. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन देण्याचा अधिकार ज्या एकालाच असे, त्या ‘एल्टेस्टर’ला ‘वडील’ म्हणावे. त्या जर्मन शब्दाचा अर्थ ‘सर्वांत वयस्क’ असाच आहे आणि आपला ‘वडील’ही प्राकृत ‘वड्ड’, म्हणजे मोठा, यावरून आलेला आहे. मात्र आज वडील म्हणजे बाप असाच अर्थ आधी डोळ्यांसमोर येत असल्यामुळे पहिल्या उल्लेखाला ‘मंडळीचे वडील’ असे लिहावे. गरिबांची झोळी सांभाळणारा डीकन तो ‘सेवक’. ओम मात्र ओमच ठेवावा. भाषांतर करायचेच असेल तर ‘मामा’ लिहिण्याचे धैर्य दाखवावे.

आणि मॅनिटोबातल्या त्या नव्याने मोडलेल्या माळाला, इंग्रजी ‘फ्रंटियर’चे भाषांतर म्हणून, ‘सीमाभाग’ म्हणू नये. मराठी वाचक बेळगावला पोहोचेल.