आधी बघा, डाग क्षाराचा की तेलाचा

ताई, बोअरच्या पाण्यामुळे नळांवर आणि बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे थर, ओट्यामागची भिंत चिकट, आणि व्हिडिओत बघून खाण्याचा सोडा नि व्हिनेगर एकत्र ओतलं तरी काही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. फरक पडणारच नव्हता. सोडा आणि आंबट पदार्थ एकत्र आले की एकमेकांनाच मारतात. ती फसफस म्हणजे उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि खाली उरतं ते जवळजवळ खारट पाणी. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण वेगवेगळ्या डागांवर.

पांढरा थर क्षाराचा असतो, त्याला आंबटच लागतं. व्हिनेगरपेक्षा मला लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, परवडतं. किराणा दुकानात सुटं मिळतं आणि वास मारत नाही. अर्धा लिटर कोमट पाण्यात साधारण दोन मोठे चमचे विरघळवा. जुनं फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळा आणि अर्धा तास विसरून जा. घासायची घाई करू नका, काम वेळ करतो, मनगट नव्हे. मग जुन्या टूथब्रशने हलकं फिरवून भरपूर पाण्याने धुवा. शॉवरची भोकं बुजली असतील तर हेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ती रबराने शॉवरला बांधून ठेवा. वर्षानुवर्षांचा थर एका खेपेत निघत नाही, तीनचार वेळा करावं लागेल. तारेची घासणी मात्र नळाला लावू नका, चमक गेली की परत येत नाही.

आता एक सावधगिरी, माझ्याच हातून बिघडल्यामुळे सांगते. सासरी कडप्प्याचा ओटा होता. दिवाळीच्या साफसफाईत उत्साहाने त्यावर पिळलेली लिंबं घासली आणि काळ्याभोर ओट्यावर पांढुरके चट्टे उठले. कडप्पा, शहाबादी, संगमरवर हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. नळावरचा क्षार ज्याने विरघळतो, त्यानेच हेही खाल्ले जातात. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पाहुणे आले की तेवढ्या जागेवर ताट ठेवायच्या! अशा दगडाला फक्त भांड्यांचा साबण आणि पाणी.

ओट्यामागच्या चिकट टाइल्स आणि एक्झॉस्टची जाळी हे तेलाचं काम. इथे लिंबू वाया जातं. धुण्याचा सोडा घ्या, खाण्याचा नव्हे. तो जास्त तेज असतो, म्हणून हातमोजे घाला. अर्ध्या बादली गरम पाण्यात मूठभर सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण घालून जाळी त्यात बुडवा. तासाभरात तेल सुटू लागतं. टाइल्सवर तेच पाणी फडक्याने लावून दहा मिनिटांनी पुसा. एक्झॉस्टच्या पंख्याला हात लावायच्या आधी वीज बंद. जाळी किंवा पाती ॲल्युमिनियमची असतील तर सोडा टाळा, काळी पडतात.

टाइल्सच्या फटींना खाण्याच्या सोड्याची दाटसर पेस्ट लावून ब्रशने घासा. फटी सिमेंटच्या असतात, त्यामुळे तिथे आंबट नेहमी वापरू नका. कमोडमधल्या पिवळ्या कडेला लिंबूसत्त्व रात्रभर टाकून ठेवलं की सकाळी ब्रशने निघते.

आणि हे घरातल्या कामवाल्या मावशींनाही नीट सांगा: ब्लीचिंग पावडर कशातही मिसळायची नाही. लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर तिच्याबरोबर आलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. एक वापरलं की खूप पाणी ओतून, दार उघडं ठेवून, दुसरं काही असेल तर दुसऱ्या दिवशी.

बोअरचं पाणी काही बदलणार नाही, त्यामुळे थर परत येणारच. आमच्याकडे शेवटी आंघोळ करणाऱ्याने टाइल्सवर वायपर फिरवून नळ कोरड्या फडक्याने पुसायचा, असा नियम आहे. पाणी वाळायच्या आधीच पुसलं की क्षार बसत नाही. मुलगा अजून विसरतो, म्हणून त्याच्या बाथरूमचं लिंबूसत्त्व त्यालाच आणायला लावते.