आडत दुकानाच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड लावलं तर जीमेल रिकामं होतं का? आणि ते लावायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेलूला आडत दुकानात हिशोब लिहिता, दुकानाचं जीमेल भरत आलंय, नेट दिवसातून चार वेळा जातं आणि शेठला जुनं बिल नेमकं तेव्हाच पाहिजे असतं. कुणीतरी सांगितलं की थंडरबर्ड (कॉम्प्युटरवर मेल वाचायचं, पाठवायचं सॉफ्टवेअर) टाका, सगळे मेल कॉम्प्युटरवर येतात आणि जीमेल रिकामं होतं. शिवाय मराठी मेल नीट दिसतील का, हेही विचारलंय.

सांगणाऱ्याचं अर्धं खरं आहे. मेल कॉम्प्युटरवर येतात, नेट नसलं तरी उघडतात. जीमेल मात्र आपोआप रिकामं होत नाही. उलट ते रिकामं करायच्या नादात लोक मेल घालवून बसतात. मी लातूरला एका दाल मिलच्या ऑफिसात आहे आणि हा उद्योग एकदा करून बसलोय.

२०१९ ची गोष्ट, तुरीचा हंगाम. मिलचा मेल स्वतःच्या डोमेनचा (@ च्या पुढं मिलचंच नाव असलेला) होता आणि तो पॉप पद्धतीनं लावलेला होता. पॉप म्हणजे मेल सर्व्हरवरून, म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरून, उचलायचा आणि आपल्या कॉम्प्युटरवर ठेवायचा. सर्व्हरवर प्रत राहू द्यायची की नाही, याची एक टिकमार्क असते. आमच्याकडं ती काढलेली होती आणि मी कधी बघितलंच नव्हतं. तीन वर्षांचे सौदे, बिलं, वजनाच्या पावत्या, सगळं एका हार्ड डिस्कवर. यूपीएसची बॅटरी बसलेली, ती बदलायची आज-उद्या करत मीच राहिलो. एका दुपारी लाईट गेली, आली, परत गेली, आणि डिस्क कटकट वाजायला लागली. शेठनी एवढंच विचारलं, "मेल कुठं गेले रे सगळे?" इंदूरच्या एका व्यापाऱ्याला फोन करून जुने सौदे परत मागवले. त्यानं पाठवले बिचाऱ्यानं, पण पुढं सहा महिने भाव बोलताना "मागचा मेल सापडतो ना?" असा टोमणा मारत राहिला.

म्हणून कुठलंही बटण दाबायच्या आधी मूळ वही कुठं राहणार आणि नक्कल कुठं, हे ठरवा. आयमॅप पद्धतीत मूळ सर्व्हरवर असतं आणि तुमच्याकडं नक्कल येते. इकडं वाचलेला मेल तिकडंही वाचलेला दिसतो, इकडं डिलीट केला तर तिकडूनही जातो. दुकानात कॉम्प्युटर आणि शेठच्या हातात मोबाईल, दोन्हीकडं एकच मेल असेल तर आयमॅपशिवाय दुसरा विचार करू नका.

लावायला फार अक्कल लागत नाही. थंडरबर्ड फुकट आहे, त्याची पहिली आवृत्ती २००४ च्या डिसेंबरात आली, म्हणजे आपल्याकडच्या पुष्कळ कॉम्प्युटरांपेक्षा तेच जुनं. फक्त थंडरबर्डच्या स्वतःच्या साईटवरूनच उतरवा. नाव, मेलचा पत्ता टाकला की जीमेलसाठी बाकीचं ते स्वतः ओळखतं. मग गुगलची खिडकी उघडते, तिथं पासवर्ड टाकून, मोबाईलवर आलेल्या सूचनेला हो म्हणून परवानगी द्यायची. जुन्या व्हिडिओत "कमी सुरक्षित अॅपला परवानगी द्या" असं सांगतात, ते शोधत बसू नका. साध्या जीमेल खात्यांसाठी गुगलनं ते मे २०२२ अखेर बंद केलं.

दुकानाचा स्वतःच्या डोमेनचा मेल पुढं घेतलात तर हे लिहून ठेवा. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, एसएसएल आणि स्टार्टटीएलएस म्हणजे मेल कुलूपबंद नेण्याच्या पद्धती. येणारा मेल आयमॅप, पोर्ट ९९३, एसएसएल. जाणारा मेल पोर्ट ४६५ एसएसएलसह, नाहीतर ५८७ स्टार्टटीएलएससह. युजरनेममध्ये पूर्ण मेल पत्ता टाकायचा. येतोय पण जात नाही, अशी तक्रार असली तर दहातल्या आठ वेळा जाणाऱ्या सर्व्हरला पासवर्ड लागतो हे सांगायचं राहिलेलं असतं.

आता नेट जाण्याचं. अकाउंट सेटिंग्जमध्ये त्या खात्याखाली 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' आहे. तिथं मेल या कॉम्प्युटरवर ठेवायची टिकमार्क चालू आहे ना बघा. खाली डिस्कची जागा वाचवायचा भाग आहे, त्यात 'सगळे मेल' की 'ठरावीक दिवसांचेच' हा पर्याय असतो. डिस्क मोठी असेल तर सगळे घ्या. आणि नेट नसताना मेल लिहून झाला की कंट्रोल, शिफ्ट, एंटर एकत्र दाबायचं. मेल आउटबॉक्समध्ये थांबतो, नेट आलं की तिथून पाठवता येतो. आमच्याकडं पावसाळ्यात हा प्रकार रोजचा.

जीमेलची एक गंमत मात्र समजून घ्या. तिथं खरे फोल्डर नसतात, लेबलं असतात. एकाच मेलवर दोन लेबलं असली की तो थंडरबर्डात दोन फोल्डरांत दिसतो, आणि 'ऑल मेल' नावाच्या फोल्डरात सगळं आणखी एकदा. डिस्क उगं भरते. खात्यावर उजवं बटण दाबून 'सबस्क्राइब'च्या यादीतून 'ऑल मेल'ची टिक काढा.

जागा रिकामी करायला लागण्याआधी जागा कुणी खाल्ली ते तपासा. गुगलची फुकट मिळणारी पंधरा जीबी जागा एकट्या मेलची नसते. ड्राइव्ह, फोटो आणि मेल तिघांत मिळून असते, आणि अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही २०२४ पासून त्यातच मोजला जातो. शेठच्या फोनमध्ये दुकानाचंच खातं असेल तर जागा मेलनं खाल्लेलीच नाही, "शुभ सकाळ"च्या फोटोंनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी खाल्लीय असं निघायची शक्यता मोठी. गुगल वनच्या स्टोरेजच्या पानावर कोण किती खातंय ते स्पष्ट दिसतं. मी एका ओळखीच्या खतवाल्याकडं हे बघितलं तेव्हा मेल सव्वा जीबी, बाकी सगळा फोन. थंडरबर्डची गरजच नव्हती.

मेलच भारी निघाला तर असं करा. थंडरबर्डात डावीकडं 'लोकल फोल्डर्स' आहे. हे फक्त तुमच्या कॉम्प्युटरवरचं कपाट, सर्व्हरला याचा पत्ताही नाही. त्यात 'बिलं २०२१', 'बिलं २०२२' असे फोल्डर करा. जुने मेल निवडून त्यात कॉपी करा. पुन्हा सांगतो, कॉपी. मूव्ह करू नका. मूव्ह केलेला मेल जीमेलच्या इनबॉक्समधून जातो, पण साधारणपणे 'ऑल मेल'मध्ये तसाच राहतो, म्हणजे जागा एक केबीही सुटत नाही. कॉपी झाल्यावर चार-पाच मेल उघडून बघा, जोडलेली पीडीएफ खरंच उघडते का पाहा. मग जीमेलमधले मेल डिलीट दाबून ट्रॅशमध्ये घाला आणि ट्रॅश रिकामी करा. मोठे मेल आधी शोधायचे असतील तर ब्राउझरमधल्या जीमेलच्या सर्चपट्टीच्या उजव्या टोकाला एक चिन्ह आहे, त्यात साईज टाकायची जागा येते. दहा एमबीच्या वरचे काढले तरी बरंच मोकळं होतं.

आता हे कपाट मूळ झालं, नक्कल उरली नाही. म्हणून त्याचा बॅकअप. हेल्पमधून 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा, तिथं प्रोफाइल फोल्डर (तुमचे मेल आणि सेटिंग्ज साठतात तो) उघडायचं बटण असतं. थंडरबर्ड पूर्ण बंद करून तो सगळा फोल्डर टॅलीच्या बॅकअपसोबतच दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचा. यात एक खाच आहे. थंडरबर्डात सहसा एक मेल-फोल्डर म्हणजे डिस्कवर एकच मोठी फाईल. ती चार जीबीच्या वर गेली की फॅट-३२ (फाईली मांडायची जुनी पद्धत) असलेल्या जुन्या पेनड्राइव्हवर बसतच नाही, रिकामी जागा कितीही असो. वर्षागणिक फोल्डर करायला सांगितलं ते याचसाठी. डिलीट केलेला मेलही त्या फाईलीतून लगेच जात नाही, खोडलेल्या ओळीसारखा आत पडून राहतो. फोल्डरवर उजवं बटण दाबून 'कॉम्पॅक्ट' म्हटलं की फाईल लहान होते.

मराठीचं. युनिकोडमध्ये, म्हणजे आता मोबाईलवर वगैरे मराठी लिहितात त्या पद्धतीनं, लिहिलेला मेल व्यवस्थित दिसतो. अक्षर बारीक वाटलं तर सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या 'अॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन लिपी देवनागरी निवडा आणि निर्मला किंवा मंगल फॉन्ट मोठ्या आकारात द्या. इंग्रजीचा आकार वाढवून देवनागरीचा वाढत नाही, तो वेगळा द्यावा लागतो. काही जुने मेल मात्र इंग्रजी अक्षरांच्या चिवड्यासारखे दिसतील. ते श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेले असतात. त्यात थंडरबर्डचा दोष नाही आणि कुठल्याही सेटिंगनं ते सुधरत नाहीत, मजकूर कन्व्हर्टरमधूनच काढावा लागतो. मराठी लिहिताना प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ आली तर घाबरू नका, इंग्रजी शब्दकोश मराठी तपासतोय. 'कंपोझिशन'मध्ये टाइप करताना स्पेलिंग तपासायची टिक काढून टाका.

चेहरामोहरा बदलायला लोक दोन-दोन दिवस घालवतात. मी तीनच गोष्टी केल्या. २०२३ च्या जुलैत ११५ नंबरची आवृत्ती आली तेव्हापासून मेलची यादी कार्डांच्या रूपातही दाखवता येते. शेठना ती चालेना, "वहीसारखं दिसू दे". यादीच्या डोक्यावरच्या बटणातून 'टेबल व्ह्यू' घेतला, अक्षर दोन पायऱ्या वाढवलं, मिटलं. दुसरं, टॅग, म्हणजे मेलवर लावायची खूण. सेटिंग्जमधून टॅगची नावं आणि रंग बदलता येतात. आमच्याकडं एक म्हणजे 'बिल चढवलं', दोन 'पैसे आले', तीन 'वांधा'. मेल निवडून कीबोर्डवर तो आकडा दाबला की ओळ रंगीत होते. लाल, म्हणजे वांध्याच्या, ओळी किती, ते बघून शेठ सकाळी फोन लावायला बसतात.

तिसरी माझी आवडती. 'कंपोझिशन'मध्ये जोडपत्र विसरलं तर आठवण करायची सोय आहे, पण तिचे शब्द इंग्रजी असतात. त्या 'कीवर्ड्स'मध्ये मी 'सोबत' आणि 'जोडली' घातले. आता "सोबत पट्टी पाठवत आहे" असं लिहिलं आणि पट्टी जोडायची राहिली, तर पाठवायच्या आधी ते हटकतं.

फिल्टरचा सोस सुरुवातीला नको. दलालांचे मेल वेगळ्या फोल्डरात जावेत म्हणून मी वीस नियम केले होते, आणि एक पैशाचा मेल अकरा दिवस भलत्याच फोल्डरात पडून राहिला. आता दोनच आहेत.

पहिल्यांदा सगळे मेल उतरायला वेळ लागतो. आयमॅपनं एका दिवसात किती उतरवायचं यावर गुगलची मर्यादा असते, त्यामुळं भरलेली पेटी एका रात्रीत येत नाही. मध्येच थांबलं तर खातं बिघडलं म्हणून काढून परत लावू नका, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं सुरू होतं. शनिवारी मोंढा उठल्यावर लावा, कॉम्प्युटर झोपणार नाही अशी पॉवरची सेटिंग करा, आणि आधी यूपीएसची बॅटरी बघा.