वडिलांना दोन दिवस आधी घरी नेलं तर हॉस्पिटलचा खर्च खरंच वाचतो का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना हार्ट फेल्युअरमुळे (हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी पडते तो आजार) नाशिकला ऍडमिट केलंय, आता बरं वाटतंय पण बिल रोज चढतंय, तर डॉक्टर सांगतात त्याच्या दोन दिवस आधी घरी नेलं तर चालेल का. मी इथेच गंगापूर रोडच्या बाजूला एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कला आहे, काउंटरवर हाच प्रश्न सारखा येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैसे वाचतात, पण तुम्हाला वाटतात तेवढे नाही. कुठलंही फायनल बिल घ्या आणि तारखेप्रमाणे वाचा. कॅज्युअल्टी, आयसीयू, इको (हृदयाची सोनोग्राफी), रक्ताच्या तपासण्या, ऑक्सिजन, इंजेक्शनं, सगळा भार पहिल्या दोन-तीन दिवसांत पडलेला असतो. शेवटी शेवटी काय उरतं, तर खोलीभाडं, नर्सिंग, डॉक्टरांची व्हिजिट आणि चार गोळ्या. म्हणजे तुम्ही जे दिवस वाचवताय ते सगळ्यात स्वस्त दिवस आहेत, आणि देव न करो पण महिन्याभरात दम लागून परत आणावं लागलं तर सुरुवात पुन्हा महागड्या दिवसापासून, परत आयसीयू, परत इको, परत डिपॉझिट.

अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे, तो 1983 पासून आजाराप्रमाणे ठरलेली रक्कम द्यायला लागला, पेशंट किती दिवस राहिला त्यावर नाही, त्यामुळे लवकर घरी पाठवायचा कल वाढला. 2009 साली एक अभ्यास आला, त्यात मेडिकेअरच्या पाचातला जवळपास एक पेशंट 30 दिवसांत परत ऍडमिट झालेला दिसला आणि 2004 या एका वर्षात अशा न ठरवलेल्या ऍडमिशनचा खर्च 17.4 अब्ज डॉलर धरला होता. मग ऑक्टोबर 2012 पासून जिथे पेशंट जास्त परत येतात त्या हॉस्पिटलचे पैसे कापायला सुरुवात झाली, आता ती कपात 3 टक्क्यांपर्यंत जाते. पहिल्या यादीत तीनच आजार होते, हार्ट अटॅक, न्यूमोनिया आणि तुमच्या वडिलांना आहे तो हार्ट फेल्युअर. आपल्याकडे मात्र परत यावं लागलं की तो भुर्दंड बहुतेक वेळा घरच्यांच्याच खिशाला बसतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, दिवस कापू नका, आणि कापायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा की सुईतून चाललेलं लघवीचं औषध बंद करून गोळीवर आणल्यावर सूज आणि दम आटोक्यात राहतोय का. तेवढं बघायलाच ते एक-दोन दिवस ठेवून घेतात बरेचदा.

खरा घोळ होतो डिस्चार्जच्या दिवशी. मुलगा एका हातात फाईल आणि कानाला फोन लावून टीपीएशी (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) बोलतोय, सिस्टर डिस्चार्ज कार्डवरच्या गोळ्या समजावतेय, बाबा चपला शोधतायत, कोणाचंच लक्ष नाही. मग घरी जुन्या गोळ्याही चालू राहतात आणि नव्याही. कॅशलेस असेल, म्हणजे कंपनी बिल थेट हॉस्पिटलला देणार असेल, तर 2024 च्या नियमाने कंपनीला फायनल मंजुरी तीन तासांत द्यायची असते, तो वेळ खुर्चीत बसून घालवण्यापेक्षा आरएमओना (वॉर्डातले ड्युटी डॉक्टर) गाठा आणि कुठली जुनी गोळी बंद, कुठली चालू, हे त्याच कार्डावर पेनाने लिहून घ्या. वजनकाटा नसेल तर घ्या, रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहा, तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर पाणी साठतंय, त्याच दिवशी फोन करा, पाय सुजायची वाट बघू नका. मीठ पाणी धरतं म्हणून पापड, लोणचं, चिवडा बंद (नाशिकच्या माणसाला मिसळीबरोबरचा पापड सोडायला सांगणं जड जातं, पण सांगा). आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून कुठलीही पेनकिलर आणू नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी अंगात पाणी धरतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. पहिला फॉलोअप आठवड्याभरात घ्या. तुम्ही सुरगाणा, पेठकडचे असाल तर एसटीने येणं जिवावर येतं हे कळतं मला, पण ते भाडं आयसीयूच्या एका दिवसापुढे काहीच नाही.

बिल खरंच कमी करायचं असेल तर दिवसांपेक्षा खोली बघा. पॉलिसीत 5000 ची खोली बसत असताना 8000 ची घेतली तर कंपनी नुसतं वरचं भाडं नाही कापत, व्हिजिट, नर्सिंग वगैरेसुद्धा त्याच प्रमाणात कापते, म्हणजे 100 मधले साडेबासष्टच मिळतात. औषधं आणि तपासण्यांना ही कपात लागू नसते.

अजून एक, पॉलिसीत बहुतेक ठिकाणी शेवटच्या तपासणीपासून 45 दिवसांत तोच आजार उलटला तर तो एकच आजार धरतात, त्यामुळे एका आजाराची मर्यादा असेल तर दुसऱ्या वेळी फार काही उरत नाही. हे आत्ताच एजंटला विचारून ठेवा. आणि डिस्चार्जनंतर साधारण 60 दिवसांची औषधं, तपासण्या, फॉलोअपची फी मिळते, तेव्हा प्रिस्क्रिप्शन आणि मेडिकलची पक्की बिलं जपून ठेवा, खूप लोक ती टाकून देतात. आयुष्मान भारतमध्ये असाल तर डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतची औषधं पॅकेजमध्येच धरलेली असतात, ती मागून घ्या. यातलं काहीच नसेल तर पुढच्या तपासण्यांसाठी सिव्हिलला किंवा शालिमारच्या संदर्भ रुग्णालयात डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स घेऊन जा.