बाबांच्या डायरीतली नावं

प्रश्न : ताई, माझे बाबा आमच्या चर्चमध्ये जवळजवळ 30 वर्षं एल्डर, म्हणजे मंडळीची काळजी वाहणारे वडीलधारे, होते, मागच्या महिन्यात गेले. पुढच्या रविवारी त्यांच्या स्मरणार्थ उपासना आहे आणि घरात मी मोठी म्हणून 5 मिनिटं बोलायचं माझ्यावर आलंय. लिहायला बसले की "ते देवभीरू होते, प्रार्थनाशील होते" एवढंच येतं नि पुढे पेन हलत नाही. खरं सांगायचं तर बाबा घरात फार कडक होते, धाकट्या भावाने चर्चला येणं सोडलं तेव्हापासून दोघांचं बोलणं जवळपास बंदच होतं, हे सांगायचं की गाळायचं? कपाटात त्यांच्या छोट्या डायऱ्या सापडल्यात, त्यात नुसती लोकांची नावं, पुढे तारीख आणि बरोबरची खूण. त्यांचं काय करू तेही कळेना.

उत्तर : आधी त्या डायऱ्या जपून ठेवा, आवराआवरीत कुठे जाऊ देऊ नका. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात 5व्या अध्यायातलं 14वं वचन काढून बघा, कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे एल्डरना, बोलवावं आणि त्यांनी येऊन प्रार्थना करावी असं आहे. मला वाटतं त्या तारखा म्हणजे बाबा कोणाकोणाकडे जाऊन आले त्याच असणार. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, त्यातल्या 3-4 जणांना फोन लावा नि सरळ विचारा, बाबा तुमच्याकडे आले होते का हो, काय बोलले, किती वेळ बसले. कोणीतरी सांगेल की काही बोलले नाहीत, नुसते उशाशी बसून राहिले, बस, तेवढं लिहा, तुमचं पेन तिथूनच हलेल. बायबलमध्येच प्रेषितांची कृत्ये 9 मध्ये दुर्कस नावाची बाई वारली तेव्हा विधवा येशूचा शिष्य पेत्र याच्याभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे-कपडे त्याला दाखवत होत्या, ती कशी होती ते त्या कपड्यांवरूनच कळत होतं. तुमच्याकडे डायरी आहे, ती हातात धरून बोला. फक्त नावं मोठ्याने वाचू नका हं, एल्डरला लोक घरातलं काय काय सांगतात, बाबांनी ते पोटात ठेवलं तर तुम्हीही ठेवा, ज्यांनी हो म्हटलं त्यांचाच उल्लेख करा.

आता कडकपणाचं. आपल्या मराठी बायबलात एल्डरला शब्दच 'वडील' आहे, त्यामुळे तुमच्या वाट्याला बाबा दोन्ही अर्थांनी वडील आले आणि हे सोपं नसतं. तीताच्या पत्रात (1:6) वडील नेमताना त्याची मुलंसुद्धा बघायला सांगितलीत, विश्वास ठेवणारी आहेत का, उनाड तर नाहीत ना. म्हणजे मुलगा चर्चला यायचा थांबला की बापाला वाटणार आपण या कामालाच उरलो नाही. बाबांच्या मनात हेच होतं असं मी म्हणत नाही, पण एल्डरच्या घरात हे ओझं असतंच आणि बरेचदा ते मुलांवर रागाच्या रूपाने निघतं. भावाला जे लागलं ते त्यामुळे खोटं ठरत नाही. उत्पत्ति 49 मध्ये याकोब (पत्रवाला नव्हे, जुन्या करारातला) मरताना मुलांना जवळ बोलावतो तेव्हा थोरल्या रऊबेनाला काय सुनावतो वाचा, कुटुंबाचं दुखणं बायबलने झाकलेलं नाही. तेव्हा "बाबा आमच्याशी कडक होते, आम्हाला ते जड गेलं" हे एक वाक्य ठेवाच, ते आलं की बाकीच्या कौतुकावर लोकांचा विश्वास बसतो. भावाचा विषय मात्र त्याला विचारल्याशिवाय सगळ्यांसमोर काढू नका.

जन्म, बाप्तिस्मा, लग्न या तारखा चर्चच्या रजिस्टरमधून ताडून घ्या, आठवणीवर सांगू नका, आणि त्या 2 ओळींत उरका.

आणि रविवारच्या आधी एका संध्याकाळी भावाकडे जा, डायऱ्या घेऊन. भाषण दाखवू नका, उपासनेला ये म्हणून गळही घालू नका. नुसत्या त्याच्यासमोर ठेवा आणि त्याला हवा तेवढा वेळ पानं उलटू द्या.